पोटात शिवलेला आकडा

इंजिनचं झाकण नंतर उघडा. आधी बसा. नीट, पाठ टेकवून बसा. मी फाटणार नाही. मी ड्रायव्हरची सीट आहे, दोनच माणसांच्या एका जुन्या, महागड्या, पळणाऱ्या गाडीतली. ही गाडी घ्यावी की नाही, ते ठरवायला तुम्ही आलात ना? मग माझं ऐका.

गाडीला काय विचारणार? ती म्हणेल, मी सुंदर आहे. ते काय, दिसतंयच. पण टिकेल का, ऐन वेळी दगा देईल का, हे विचारायचं तर सीटला विचारावं. हिचं इंजिन पुढे नाही, माझ्या मागे आहे. एकोणीस वर्षं तिचं काळीज माझ्या पाठीला टेकून धडधडतंय. आणि माझ्यावर बसलेल्यांचं म्हणाल, तर माणूस तोंडाने खोटं बोलतो, बुडाने बोलू शकत नाही. कोण गाडीला जपतं, कोण छळतं, ते मला पहिल्याच वळणावर कळतं.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी सांगाडा, त्यावर फोम, त्यावर तपकिरी कातडं. माझ्या एका जुळ्या बहिणीवर तिथे एका यंत्राने लाकडी बूड पन्नास हजार वेळा आपटून पाहिलं. ती टिकली म्हणून आम्ही बाकीच्या पास झालो. तिचं पुढे काय झालं, कुणी सांगितलं नाही. भंगारात गेली असेल. जगात पास होण्याची हीच रीत असावी, मार एकीने खायचा आणि शिक्का सगळ्यांना.

पहिला मालक बाटल्यांची झाकणं बनवणारा कारखानदार. त्याला गाडी चालवायची नव्हती, त्याला गाडी असायची होती. सहा दिवस आम्ही कापडाखाली. सातव्या दिवशी तो कापड काढायचा, बाहीने आरसा पुसायचा आणि गार इंजिनला एकदम डरकाळी फोडायला लावायचा. शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडल्या की याचं पोट भरायचं. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. त्याची बायको एकदा पर्स घेऊन बसायला लागली तर म्हणाला, "पर्स मांडीवर घे, कातड्याला ओरखडा पडेल." ती म्हणाली, "मग तूच बस तिच्या मांडीवर," आणि घरात निघून गेली. पुन्हा कधी बसली नाही.

चार वर्षांत आम्ही नऊ हजार किलोमीटर चाललो आणि अकरा वेळा बंद पडलो. कधी बॅटरी मेलेली, कधी ब्रेक उभ्या उभ्या चिकटलेले. प्रत्येक वेळी तो गाडीला शिव्या द्यायचा. ज्या गाडीला चालूच दिलं नाही, तिला चालत नाही म्हणून शिव्या. शेवटी वैतागून विकली.

दुसरी मालकीण पूल बांधायची. इंजिनियर होती, अंगाने किडमिडीत, पण बसायची अशी की वाटावं, आता हिला इथून कोण उठवणार. तिचं काम शहरापासून एकशेवीस किलोमीटरवर. सोमवारी सकाळी जायची, शनिवारी दुपारी परत यायची. असे अकरा वर्षांचे सोमवार आणि अकरा वर्षांचे शनिवार.

तिच्या सवयी मला आजही पाठ आहेत. गाडी सुरू केली की लगेच दामटायची नाही. इंजिन ऊबदार होईपर्यंत सावकाश न्यायची. दुधाचं पातेलं मंद आचेवर ठेवावं, तसं. आवाज जरासा बदलला की रेडिओ बंद करून कान द्यायची, आणि त्याच आठवड्यात मिस्त्रीकडे. "बघू पुढे" हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकलेच नाहीत. जे काम केलं, ते कानामागचं पेन काढून एका जाड निळ्या फाइलमध्ये लिहायची. तेल, क्लच, पाण्याचे पाइप, सगळं तारीखवार. दुसरी किल्लीसुद्धा त्याच फाइलच्या पाकिटात. मी म्हणायचे, बाई, लग्नाच्या नवऱ्याला कुणी इतकं जपत नाही. तिला नवरा नव्हता. कदाचित म्हणूनच जमत असावं.

एकच खोड होती. कमरेला मोजायची टेप लटकवलेली असायची, ती काढायचं ध्यानात नसे. त्या टेपच्या हुकाने सहा वर्षांत माझी कड टरकावली. फोम बाहेर दिसायला लागला, तेव्हा ती मला घेऊन गॅरेजच्या गल्लीत गेली. तिथे मला ती बाई भेटली.

गल्लीत तिला दाभण म्हणतात. पाठीमागे म्हणतात, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. तीस वर्षं ती गाड्यांच्या सीटा शिवते. खोली एवढीशी, एक जुनं मशीन, कातड्याच्या गुंडाळ्या, डिंकाचा वास, आणि मधोमध ती. हातात दाभण, तोंडातही तेच.

मालकिणीने विचारलं, "शिवलेलं टिकेल ना हो?"

"कमरेची ती टेप काढून बसलात तर मी मरेपर्यंत टिकेल," दाभण म्हणाली. "नाही काढलीत तर येत्या शनिवारपर्यंत."

मालकीण हसली. टेप काढून तिने शेजारच्या सीटवर ठेवली. त्या दिवसापासून टेपची जागा तिथेच.

दाभणने माझं कातडं सोललं तेव्हा मला वाटलं, आपलं संपलं. पण तिचा हात हलका. नवी पट्टी जोडली, कोपऱ्यावर दोरा दोनदा फिरवून गाठ आत लपवली. मग एक वेगळीच गोष्ट केली. कव्हर चढवण्याआधी उठून गाडीच्या मीटरवर वाकली आणि कव्हराच्या आतल्या कापडावर जाड पेनाने लिहिलं. तारीख, आणि खाली ८७,४१२. लिहून शिवून टाकलं.

"हे कशाला?" मालकिणीने विचारलं.

"गिऱ्हाइकं येतात ना, म्हणतात, कालच शिवली आणि आज उसवली. मग मी पोट उघडून दाखवते. काल म्हणे. मी चौथीपर्यंतच शिकले, पण आकडे माझे ठसठशीत आहेत."

तेव्हापासून तो आकडा माझ्या पोटात आहे. वर कुणीही बसो, आत मला ठाऊक, की ८७,४१२ हे माझ्या आयुष्यातलं एक खरं ठिकाण आहे.

पुढे मालकीण परदेशात पूल बांधायला गेली. गाडी नेणं शक्य नव्हतं. फाइलच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं, "गाडी दिली तेव्हा १,४६,३००," आणि फाइल, किल्ल्या, सगळं जुन्या गाड्यांच्या एका शोरूमवाल्याच्या हातात दिलं. उतरताना तिने कड चाचपून पाहिली. शिवण तशीच होती.

शोरूमवाल्याचं हसणं मोठं आणि डोळे बारीक. त्याने पहिल्याच दिवशी मला काळा रंग फासला. विचारलं नाही, सावरलं नाही, फवारा मारला. तपकिरी रंग म्हणे जुनाट दिसतो. मग स्टिअरिंगखाली एक डबी जोडली, मांडीवर लॅपटॉप घेतला, आणि १,४६,३०० चे झाले ३१,३००. एक लाख पंधरा हजार किलोमीटर त्याने चहा पिता पिता पुसले. माझ्या बाईचे सगळे सोमवार गेले, सगळे शनिवार गेले. निळी फाइल त्या आकड्याशी जुळेना, म्हणून ड्रॉवरमध्ये गेली. फेकली एवढ्यासाठी नाही, की दुसरी किल्ली तिच्यात होती.

वर्षभर आम्ही काचेमागे उभ्या. शेजारी एक पिवळी गाडी. खरोखरच फक्त बारा हजार चाललेली, नऊ वर्षं कुणाच्या तरी बंगल्यात झाकून ठेवलेली. अंगावर एक चरा नाही. तिची सीट माझ्याकडे बघून नाक मुरडायची. मला पहिला मालक आठवायचा.

आणि एका दुपारी दार उघडून दाभण आत आली.

सोबत तिचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षं अॅम्ब्युलन्स चालवलेला माणूस. सगळे त्याला सायरन म्हणायचे, आणि बोलायचा मात्र इतकं हळू, की कान पुढे करावा लागे. नुकताच निवृत्त झालेला. अशा गाड्या जुन्या झाल्या की साध्या नव्या गाडीच्या भावात मिळतात, कारण लोक त्यांना घाबरतात. तेवढी पुंजी त्याच्याजवळ होती.

"या मॅडम, या," शोरूमवाला म्हणाला.

"मला मॅडम म्हणू नका, माझ्या पाठीवर काटा येतो. गाड्या दाखवा."

सायरन सरळ पिवळीपाशी गेला. बारा हजार वाचून त्याचे डोळे लकाकले. दाभण तिच्याकडे बघेना. तिने वाकून आमच्या इंजिनच्या झाकणावर तळवा ठेवला.

"ही गरम का?"

"सकाळी जरा फिरवून आणली, तुम्ही येणार म्हणून."

"पाहुणे यायच्या आधी घर झाडतात ते चांगलं असतं. गाडी तापवतात ते चांगलं नसतं. गार इंजिन जे बोलतं ते गरम इंजिन बोलत नाही. उद्या सकाळी येतो आम्ही. तोवर किल्लीला हात लावायचा नाही. मी पुन्हा हात ठेवून बघीन."

शोरूमवाला पाणी आणायला गेला, तेवढ्यात सायरन माझ्यावर येऊन बसला. दाभण शेजारी. त्याने आधी बेल्ट लावला, मग आरसा नीट केला, मग मान वळवून मागे पाहिलं. मागे पेशंट ठेवायची जागा असते ना, त्या सवयीने. मागे काच आणि काचेपलीकडे इंजिन.

"मागे कुणी नाही," तो स्वतःशीच म्हणाला.

"असणार कोण? दोघांची गाडी आहे," दाभण म्हणाली.

"ताई, आयुष्यभर जोरात चालवली ती मागे कुणीतरी मरत असताना. एकदा कुणीही मरत नसताना जोरात चालवायचीय."

दाभणने छातीशी बांधलेले हात सोडले. हे क्वचित घडतं.

"डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. थेंब टाकत राहा, तरी तीन वर्षं, फार तर. मग परवाना मिळायचा नाही. म्हणून म्हणतो, मला अशी गाडी नको जी गॅरेजमध्ये पडून राहील. पैसे गेले तर गेले. माझे दिवस जातील ताई. दिवस नाहीत माझ्याकडे."

आता तुम्हीच सांगा, सीटला काय वाटलं असेल? या माणसाकडे मोजके दिवस, आणि तो त्या पिवळीवर भाळलेला. नऊ वर्षं उभी राहून जिचं रबर वाळलंय, ती याचं पहिलं वर्ष गॅरेजमध्येच खाणार. माझ्याजवळ सांगण्यासारखं सगळं होतं आणि तोंड नव्हतं.

उठताना दाभणचा अंगठा माझ्या कडेवरून फिरला आणि कोपऱ्यावर, दोरा दोनदा वळलाय तिथे, थांबला. तिने काळ्या रंगाकडे पाहिलं, पुन्हा अंगठा फिरवला. घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूमचं शटर अर्धं वर जातंय तोच ती खाली वाकून आत आली. मागे सायरन, त्याच्यामागे गल्लीतला म्हातारा मिस्त्री. तिच्या हातात तिची हत्यारांची पिशवी होती. ती पिशवी बघितली आणि माझ्या सांगाड्यात कळ गेली, सुखाची.

झाकणावर हात ठेवला. गार. "बरं केलंत, ऐकलंत," ती शोरूमवाल्याला म्हणाली. सायरनने किल्ली फिरवली. माझ्या पाठीमागे ते काळीज पहिल्याच झटक्यात जागं झालं, थोडं कुरकुरलं, मग एका लयीत आलं. दाभण मागे जाऊन उभी राहिली, धुराच्या नळीपुढे पांढरं फडकं धरून. मिस्त्रीने फडकं हुंगलं. निळा धूर नाही, म्हणजे तेल जळत नाही. जरासं पाणी उडालं, ते गार सकाळी उडतंच.

मिस्त्री टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला. दाभणने ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर पाहिलं आणि भावाला बोलावलं. "हे बघ. कडेला गुळगुळीत झालंय. एकतीस हजारात एवढं झिजत नाही. बेल्ट ओढून बघ, किती मऊ पडलाय. गाडी एक बोलतेय आणि मीटर एक बोलतंय."

मग ती गुडघ्यावर बसली, माझ्या पोटाखाली हात घातला आणि कव्हराचे हुक सोडवायला लागली.

"अहो ताई, सीट फाडताय काय?" शोरूमवाला धावला.

"शिवलीय मी. उसवायचा हक्कही माझाच."

कव्हर उलटलं. वर काळा रंग, आत माझं खरं तपकिरी. आणि कापडावर जाड पेनाने, ठसठशीत, ८७,४१२. सहा वर्षांपूर्वीची तारीख.

शोरूमवाल्याचा चेहरा असा झाला, जसं पोराने पाहुण्यांसमोर घरातलं काहीतरी सांगून टाकावं.

"तुम्ही एकतीस म्हणता," दाभण म्हणाली. "मग ही गाडी सहा वर्षं उलटी चालली काय?"

"आधीच्या मालकाने मीटर बदललं असेल, मला काय—"

"अरे, बास." ती चिडली की 'अहो'वरून 'अरे'वर येते.

पण सायरन निघाला होता. हातातला बेल्ट हळूच जागेवर सोडून तो दाराकडे चालू लागला. "चल ताई. सव्वीस वर्षं मी गाडीवर विश्वास ठेवून आजारी माणसांना मागे घेऊन धावलो. खोटी गाडी नको मला."

खरं सांगते, तिथे माझा धीर सुटला. माझ्या पोटातलं खरं बाहेर आलं आणि त्यानेच माझं वाटोळं झालं. सहा वर्षं ज्याच्या जोरावर ताठ बसले, तोच आकडा मला बुडवून चालला होता.

"थांब, धाकट्या," दाभण म्हणाली. "गाडी खोटी नाही. माणूस खोटा आहे. दोघांत फरक कर."

मग ती शोरूमवाल्याकडे वळली. "दुसरी किल्ली दे."

"दुसरी किल्ली आता कुठे—"

"अशा गाडीला दोन किल्ल्या असतात. एक चोराकडे असली तर आमचं काय? दे."

तो ड्रॉवरकडे गेला. ती त्याच्या मागोमाग गेली. ड्रॉवर उघडला आणि निळी फाइल दिसली. त्याने हात घालण्याआधी तिने घातला.

फाइल तिने टेबलावर उलगडली आणि मिस्त्रीला हाक मारली. तिला स्वतःला एवढं बारीक अक्षर वाचायचा कंटाळा. मिस्त्री हात पुसत आला, चष्मा लावला, पानं उलटायला लागला. उलटता उलटता त्याची बोटं मंद झाली. एखादं चांगलं पत्र वाचताना होतात, तशी. दर वर्षी तेल. क्लच दोनदा. पाण्याचे पाइप फुटण्याची वाट न बघता बदललेले. एका पानावर लिहिलेलं, "डावीकडून बारीक किरकिर, दाखवले, बेअरिंग, बदलले." शेवटच्या पानावर १,४६,३००.

"कोण होती ही बाई?" मिस्त्री म्हणाला. "माझी सगळी गिऱ्हाइकं अशी असती तर मी उपाशी मेलो असतो."

"टेपवाली," दाभण म्हणाली. "आता आठवली मला." आणि मग शोरूमवाल्याला, "अरे शहाण्या, हिचं सोनं तू ड्रॉवरमध्ये कोंबलंस आणि पितळ दारात मांडलंस."

"दीड लाख चाललेली म्हटल्यावर कोण घेतं ताई?" तो पहिल्यांदाच खरं बोलला. "लोक आधी मीटर बघतात."

"जो गाडीत बसणार आहे तो घेतो. जो नुसता बघत बसणार आहे त्याला ती पिवळी दे."

मग तिने भावाला हाताला धरून पिवळीपाशी नेलं. तिच्या सीटवर मूठ दाबली. आत काहीतरी करकरलं, वाळक्या बिस्किटासारखं. न बसलेल्या सीटचा फोम असाच कडक होऊन भुगा होतो. मिस्त्रीने खाली टॉर्च मारला. वाळून चिरलेलं रबर, एका पाइपाखाली तेलाचा जुना डाग, वायरींवर उंदराचे दात. "हिला रस्त्यावर आणायला सहा महिने," तो म्हणाला. पिवळीची सीट त्या दिवसापासून माझ्याकडे बघून नाक मुरडत नव्हती. मला तिची कीव आली. तिचा काय दोष? तिला कुणी बसूच दिलं नाही.

सायरन परत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. "मिस्त्री, ही मला तीन वर्षं देईल?"

"तीन वर्षांचं मी माझंही सांगू शकत नाही," मिस्त्री म्हणाला. "पुढच्या उजव्या चाकाचा सांधा सैल आहे, तो बदल. एका ठिकाणी तेल पाझरतंय, ते बघू. बाकी ही गाडी जे म्हणतेय ते खरं म्हणतेय. तिचा भूतकाळ आपल्या हातात आहे. त्या पिवळीचा कुणालाच माहीत नाही, तिला स्वतःलासुद्धा."

सायरनने वाकून त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "ताई, शिव हिला परत."

कागदावर दाभणने खरा आकडा लिहून घेतला आणि त्याखाली शोरूमवाल्याची सही. त्याने कुरकुर केली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्या गल्लीत दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं येतात, आणि माझं तोंड तुला आता माहीत झालंय." सही झाली. घरी येऊन तिने मीटरच्या वर एक पट्टी चिकटवली. ती अजून तिथेच आहे, वाचा: "मीटर खोटं आहे. एक लाख पंधरा हजार मिळवून वाचा."

माझा काळा रंग तिने तीन दिवस घासून काढला. मी पुन्हा तपकिरी झाले.

आणि मग तो चालवायला लागला. पहिल्याच रविवारी रुंद, मोकळ्या रस्त्यावर त्याने पाय दाबला. माझ्या पाठीमागे ते काळीज असं गायलं, की मी एकोणीस वर्षांत तसं ऐकलं नाही. भर वेगात सवयीने त्याचा डावा हात वर गेला, सायरनचं बटण शोधायला. बटण नव्हतं. कुणाला बाजूला करायचं नव्हतं, कुठे वेळेत पोचायचं नव्हतं. तो हसायला लागला आणि इतकं हसला, की गाडी कडेला घ्यावी लागली. त्याच्या हसण्याने मी हलत होते.

दोन वर्षं सात महिने. गाडी गॅरेजला गेली ती ठरल्या दिवशीच, आणि संध्याकाळच्या आत परत आली. एकदा टायर पंक्चर झालं, तो दोष रस्त्यातल्या खिळ्याचा. बाकी एकही सकाळ अशी नाही, की त्याने किल्ली फिरवली आणि आम्ही नाही म्हणालो. दाभण कधी शेजारी बसायची, हात छातीशी बांधून. "हळू," म्हणायची. दोन मिनिटांनी म्हणायची, "जरा पळव की, म्हातारा झालास का?"

गेल्या महिन्यात एका सकाळी, लख्ख उजेडात, कोपऱ्यावरचा खांब आरशाला चाटून गेला. एवढंसं खरचटलं. तो उतरला, खांबापाशी गेला, खांबावर हात ठेवून उभा राहिला. मग परत बसून गाडी अगदी सावकाश घरी आणली, इंजिन बंद केलं आणि किल्ली ताईच्या हातावर ठेवली.

"खांब दिसला नाही मला," तो म्हणाला.

तिने त्याला धीर दिला नाही, खोटी आशा दाखवली नाही. म्हणाली, "चहा टाकते." पण चहा टाकण्याआधी आतून हत्यारांची पिशवी आणली आणि माझं पोट उघडलं. जुन्या आकड्याखाली नवा लिहिला. १,८३,०००. तारीख घातली. मग जरा थांबून पुढे दोन शब्द लिहिले, तिच्या चौथीच्या अक्षरात. ते तुम्हाला सांगणार नाही. विकत घ्याल तेव्हा उसवून बघा.

शेजाऱ्यांनी तिला विचारलं, "ठेवून का देत नाही? भावाची आठवण राहील." ती म्हणाली, "भाऊ आहे ना जिवंत, आठवण कशाला? आणि उभी ठेवली की सडते, हे बघूनच आम्ही हिला घेतली. आता आम्हीच तिची पिवळी करायची?"

म्हणून मी आज तुमच्यासमोर आहे. निळी फाइल डॅशबोर्डवर आहे, दोन्ही किल्ल्या तिच्यात आहेत. पुढच्या अडीच वर्षांची पानं दाभणच्या अक्षरात आहेत, शुद्धलेखनाकडे बघू नका, आकड्यांकडे बघा. इंजिन गार आहे, हात ठेवून पाहा. सकाळपासून कुणी किल्लीला हात लावलेला नाही, तिने लावू दिला नसता.

माझी विनंती एवढीच, की मला झाकून ठेवू नका. रोज नाही, तरी दर सोमवारी आणि शनिवारी कुठेतरी न्या. आवाज बदलला तर रेडिओ बंद करा. कमरेला काही लटकत असेल तर काढा.

आणि आता चालवून बघणार असाल, तर शेजारी एक माणूस येऊन बसेल, हळू बोलणारा. त्याला रस्ता विचारू नका. तो डोळे मिटून बसेल आणि आवाजावरून तुम्हाला सांगेल, गिअर कधी टाकायचा. मोकळा रस्ता लागला की पाय दाबा. मागे कुणी नाही.